गादीला सुतक नाही

परंदवडी, १५ जून २०२५

ताईसाहेबांस सखाराम दत्तोबाचा मुजरा.

बुधवारी सकाळी मी आमच्या भैरवनाथाला पाणी घालत होतो. तेवढ्यात देवळापुढे तुमच्या बंगल्याची जीप थांबली. पप्पू खाली उतरला आणि चपला न काढता पायरीपाशीच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, चला. म्हाराज गेलं." माझ्या तांब्यात निम्मं पाणी उरलं होतं. ते देवावर ओतावं की नाही, मला कळेना. मरणाची बातमी कानावर पडली, म्हणजे आमच्या घराला सुतक लागलं. शेवटी तांब्या तसाच पायरीवर ठेवून निघालो.

पप्पू नोकरीला नवा. वाटेत विचारत होता, "अतुलसाहेब गादीवर बसनार ना? सख्खं पुतनं हाईत. मग अग्नी त्यांनीच द्यायचा की. तुमाला कशाला न्यायचं?" मी त्याला समजावून सांगितलं. राजेपण सरकारदरबारी केव्हाच संपलं, पण कोंडगड संस्थानाच्या बारा गावांत देवीची पहिली पूजा अजून गादीच करते. गादीला सुतक नाही. जो गादीवर बसतो तो मढं बघत नाही, खांदा देत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही. म्हणून राजाचं मरण भावकीतली आमची धाकटी पाती वाहते. थोरल्या महाराजांना आमच्या आबांनी अग्नी दिला, आता माझी पाळी. पप्पू म्हणाला, "म्हंजी मजा त्यांची आन् राख तुमची." मी त्याला म्हटलं, असं बोलू नये, हा मान आहे. मग लोणावळा येईपर्यंत त्याने जीप जोरात हाणली.

बंगल्याच्या मागच्या फाटकापाशी पावसात उभं राहून मी हातावर पाणी घेतलं आणि आबांनी शिकवलं होतं तसं बोललो, की अस्थींचा घट पाण्यात जाईपर्यंत हा गेलेला राजाच माझा बाप. आत तुतारी वाजली, साखर वाटल्याचा गलका झाला, आणि मग मागच्या दाराने महाराजांना बाहेर आणलं. त्यांच्या पाठीखालचं वस्त्र चिंब ओलं होतं. गंगाजलाने न्हाऊ घातलं असेल असं वाटलं. एवढं गंगाजल कुणी जमवलं, याचं मला कौतुकही वाटलं. पावसामुळे सरणावर पत्रे धरावे लागले, पण अग्नीने मान दिला. तुम्ही कुठे दिसला नाहीत. ताप आहे म्हणाले. आता बरं वाटत असेल.

घट आमच्या बांधावरच्या उंबराला टांगला आहे. वरून खताची स्वच्छ पिशवी बांधली आहे. संध्याकाळी खाली दिवा लावतो. दसऱ्याला नवे महाराज सीमोल्लंघन करतील, मग त्यांच्या हुकमाने घट पवनेत सोडायचा, की गादी पक्की. तोवर माझं तोंड बंगल्याला दिसू नये आणि आवाज तिथल्या कानांवर पडू नये, अशी रीत. म्हणून फोन करत नाही. लिहिण्याबद्दल रीत काही सांगत नाही. कामशेतचा वाहिद जीप घेऊन तिकडे येतो. त्याची बायको रशिदा तुमच्याकडे महाराजांच्या सेवेला होती, तिच्या हाती तो पत्र पोचवेल.

महाराज माझ्याकडे सुखरूप आहेत. काळजी नसावी.

आपला,
सखाराम


लोणावळा, १९ जून

सखारामभाऊ,

मला ताप नव्हता.

बाबा सोमवारी संध्याकाळी गेले. रशिदामावशी पेज भरवत होत्या, मी पायाशी बसले होते. अतुल दुबईत होता. मी फोन केला तर म्हणाला, "मी येईपर्यंत काका आजारी आहेत. कळलं ना सारिका? आजारी." पुजारीबुवाही तेच म्हणाले. गादीवर नवा बसल्याशिवाय जुना गेला असं म्हणायचं नाही. पप्पूने पवनानगरच्या मासेवाल्यांकडून बर्फाच्या लाद्या आणल्या. तुम्ही ज्याला गंगाजल समजलात, ते हे.

बुधवारी सकाळी मला हिरवी पैठणी नेसायला लावली. नव्या राजाला घरची लेक ओवाळते. दिवाणखान्यात अतुल गादीवर, शेजारच्या खोलीत बाबा, मध्ये एक दार आणि पडदा. त्या दाराखालून पाणी येत होतं. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून रशिदामावशी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होत्या. मी ताम्हन हातात धरलं. अतुलची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हसा ना थोडं, वन्सं. व्हिडिओ चाललाय." मी हसले, भाऊ. तो व्हिडिओ सगळ्यांकडे आहे. तुमच्याकडेही येईल.

मग मला माडीवर नेऊन दाराला बाहेरून कडी घातली. कारण आदल्या दिवशी मी अतुलला सांगितलं होतं, की अग्नी मी देणार आहे. बाबांनीच मला सांगून ठेवलं होतं. हिवाळ्यात एकदा उन्हात बसले असताना म्हणाले, "सारे, माझे वडील गेले तेव्हा मी साखर वाटत होतो. खिडकीतून नुसता धूर दिसला. त्यांना दत्तोबाने पोचवलं. मला परक्याच्या हाताने जायचं नाही." मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

तुम्ही परके नाही. तुमचं मन मला ठाऊक आहे. पण तुम्ही हात पुढे केलात आणि माझा शब्द गेला. आता फक्त घट उरला आहे. तो मला द्या. कुठे ते सांगा, मी येईन. कुणाला कळणार नाही.

सारिका


परंदवडी, २९ जून

ताईसाहेबांस मुजरा.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बर्फाचं वाचून जेवण गेलं नाही. पाठीखाली हात घातला तेव्हा त्या ओल्याचा गारठा माझ्या कोपरापर्यंत आला होता. देवाघरचं पाणी गार असतं, अशी मी समजूत करून घेतली.

आबांना पत्र वाचून दाखवलं. ते खाटेवर बसून विडी विझवत म्हणाले, "तिला रडायला मोकळीक हाय, गादीवर बसनाऱ्याला तीबी न्हाई. घट मागू नगं म्हनावं. हुकमाबिगर घट पान्यात गेला तर गादी कच्ची ऱ्हाती, आन् ज्यानं सोडला त्याचा वंस बुडतो." मी त्यांना म्हटलं, मला एकच मुलगी, वंश कुठला? ते म्हणाले, "अनिता काय वंस न्हाई व्हय?"

ताईसाहेब, मी शिकलेला नाही. गावच्या शाळेत जेवढं मिळालं तेवढंच. पण देवाला साक्षी ठेवून हातावरचं पाणी सोडलं, ते मला परत ओंजळीत घेता येणार नाही. तुमच्यासारखाच मीही बाहेर आहे. घट असेपर्यंत मला देवळाच्या आत जाता येत नाही. भैरवनाथाला पाणी आता गुरवाचा मुलगा घालतो. मी रस्त्यावरून हात जोडतो.

दसरा काही लांब नाही. तेव्हा काठावर तुम्ही मागे उभ्या राहा, मी घट सोडताना हळू सोडेन, तुम्हाला दिसेल असा. एवढं माझ्या हातात आहे.

सखाराम


लोणावळा, ७ जुलै

सखारामभाऊ,

दिसेल असा सोडाल. उपकार झाले.

बाबांनाही खिडकीतून दिसलं होतं.

सारिका


परंदवडी, १७ ऑगस्ट

ताईसाहेबांस मुजरा.

तुम्ही परत लिहिणार नाही हे मला कळलं होतं. मीही लिहिलं नसतं. पण अडचण अशी आहे, की तुमच्याशिवाय मी कुणाकडे जाऊ शकत नाही.

लावणी उरकल्यावर आबा बांधावरून घसरले आणि त्यांचा खुबा मोडला. सोमाटण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या वयात शस्त्रक्रिया झेपणार नाही, घरी ठेवा. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. पाठीला जखमा झाल्या आहेत. माझी बायको सविता आणि मी त्यांना कुशीवर वळवतो, तेव्हा ते ओरडत नाहीत, फक्त माझ्या मनगटाला धरतात.

परवा मी खाटेखाली भांडं सरकवत होतो, तर म्हणाले, "राहू द्या सरकार. राजाचं प्वार तुमी. आमच्यासारक्याचं भांडं कशापायी उचलता?" सविताला हसू आलं, मलाही आलं. मग ते गंभीर झाले. म्हणाले, "सखा, मी आत्ता मेलो तर तुला माजं सुतक न्हाई. तुजा बाप तितं झाडाला हाय." मी म्हटलं, आबा, दसऱ्यापर्यंत तुम्हाला काही होत नाही. ते म्हणाले, "ते काय माज्या हातात हाय? थोरलं म्हाराज बरं मेलं, ऐन नवरात्राच्या तोंडावर. मला घट संबाळावाच लागला न्हाई. तुजा म्हाराज मिरगात मेला."

आबा कधी देवाकडे काही मागत नाहीत. काल भिंतीकडे तोंड करून मागत होते. दसऱ्यापर्यंत ठेव म्हणत होते.

ताईसाहेब, गादीने हुकूम दिला तर घट आधीही सोडता येतो. रीतीत तशी वाट आहे. नव्या महाराजांना विचाराल का? घट त्यांच्या हुकमाने गेला तर गादीही पक्की राहील, आणि माझा बाप मला परत मिळेल. हुकूम मिळाला तर घट पाण्यात सोडणारा हात कुणाचा आहे, ते मी बघणार नाही. एवढंच मला देता येतं.

सखाराम


लोणावळा, २१ ऑगस्ट

सखारामभाऊ,

विचारलं. अतुल ट्रेडमिलवर होता, उतरला नाही. म्हणाला, "दसऱ्याला ड्रोन शूट आहे. बाहेरचे पाहुणे येतायत, फ्लेक्स छापायला गेलेत. आधी घट सोडला तर मिरवणूक कशाची काढू? रिकाम्या पालखीची?" मी त्याला तुमच्या आबांचं सांगितलं. त्याने मशीन हळू केलं आणि म्हणाला, "सारिका, मला वाईट वाटतं. खरंच. पण हा नियम मी केलेला नाही. दत्तोबांना विचार, तेसुद्धा हेच म्हणतील."

तेसुद्धा हेच म्हणतील, हे खरंच आहे ना भाऊ? तेच मला फार लागलं.

पुजारीबुवांकडे गेले. ते म्हणाले, म्हाताऱ्याला जपा.

मागच्या पत्रात मी तुम्हाला टोचून लिहिलं. तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं, मला माहीत नव्हतं. रशिदामावशी म्हणतात, जखमांवर हवा खेळती ठेवा, आणि खाली मऊ सुती धोतराच्या घड्या घाला. वाहिदबरोबर मलम पाठवते आहे.

सारिका


परंदवडी, ३० ऑगस्ट

ताईसाहेबांस.

आबा मंगळवारी दुपारी गेले. मलमाने शेवटी त्यांना बरं वाटत होतं.

पाणी माझ्या हातून घ्यायला त्यांनी नकार दिला. सविता चमच्याने पाणी घालत होती. मी उशाशी होतो. मला म्हणाले, "मागं सर. निलेसला बोलाव." निलेश माझा चुलतपुतण्या, परंदवडीजवळच्याच कारखान्यात कामाला आहे. तो ड्युटीवरून धावत आला, अंगात कंपनीचा शर्ट तसाच होता. आबांनी त्याचा हात धरला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घट उतरवू नगस. माज्या हातनं रीत मोडली न्हाई, तुज्याबी हातनं मोडू नगस." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांना वाटलं मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्यांचा श्वास थांबला.

अग्नी निलेशने दिला. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. सुतक नसलेल्या माणसाने जवळ जायचं नाही. पावसाने लाकडं ओली होती, निलेशला सरण रचायची सवय नाही, तो डोळे चोळत मागे मागे बघत होता. मला तिथूनच ओरडून सांगावंसं वाटलं, पायाकडून लाव, वारा तिकडून आहे. लोक माझ्याकडे येऊन भेटतही नव्हते. मला काही झालेलंच नाही, मग मला कशाबद्दल भेटायचं? मी घरी आलो तर निलेशच्या दारात माणसं बसलेली, आणि आमच्या चुलीवर नेहमीचा स्वयंपाक. सविता भाकरी थापत होती आणि रडत होती. तिने मला विचारलं, "तुमी जेवनार का?"

तेव्हा मला महाराज आठवले. साखर वाटणारे. मी इतकी वर्षं समजत होतो, की मरण आम्ही वाहतो आणि राजा त्यातून सुटतो. राजाही सुटत नाही, ताईसाहेब. ही रीत गादीवर बसणाऱ्याचं माणूस नेते आणि मरण वाहणाऱ्याचा बाप. यंदा तुमचाही नेला.

गुरुवारी आबांचा दहावा. घट त्याआधी पाण्यात गेला तर मी पुन्हा त्यांचा मुलगा होतो. आबा नको म्हणाले आहेत. देव काय म्हणतो ते ऐकायला मी रोज देवळाबाहेर उभा राहतो. तो काहीच म्हणत नाही.

बुधवारी सकाळी पवनेच्या काठी, पुलाच्या खालच्या अंगाला मी घट घेऊन उभा असेन. माझं तोंड तुम्हाला दिसेल, त्याला आता इलाज नाही. घट मी सोडणार नाही, तुमच्या हातात देईन. यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. यात तुमचंही घर जाऊ शकतं.

सखाराम


कामशेत, ४ सप्टेंबर

सखारामभाऊ,

वरचं गाव बघितलंत ना? मी रशिदामावशींकडे आहे.

काल काठावर तुम्ही घट माझ्या हातात दिलात. घट एवढा हलका असेल असं वाटलं नव्हतं. बाबा उंच होते, दारातून वाकून यायचे. पाणी जोरात होतं, दोन्ही हातांनी धरून सोडला, आणि तो लगेच गेला. तुम्ही पाठ करून उभे होतात. मला मोठ्याने रडता यावं म्हणून, हे मला घरी आल्यावर कळलं.

अतुलला दुपारपर्यंत समजलं होतं. त्याने आरडाओरडा केला नाही. मला समोर बसवलं आणि विचारलं, "तुला कळतंय का तू काय केलंस? आता बारा गावं म्हणतील गादी कच्ची आहे." मी म्हटलं, "मग उतर खाली आणि रड थोडं. तुझेही काका होते." त्याचा चेहरा क्षणभर लहानपणीसारखा झाला. मग त्याने पप्पूला माझी बॅग खाली आणायला सांगितली.

आज तुमच्या आबांचा दहावा. सकाळपासून माझं तिकडेच लक्ष आहे. गावाने तुम्हाला बसू दिलं का? काय झालं ते कळवा.

सारिका


परंदवडी, ६ सप्टेंबर

ताईसाहेबांस नमस्कार.

बुधवारी तुम्ही गेल्यावर मी नदीतच अंघोळ केली. घरी येऊन सविताला सांगितलं, चूल बंद कर, आपल्याला सुतक आहे. ती म्हणाली, "बरं." आणि लगेच निखारे विझवले.

गुरुवारी घाटावर गेलो तर भावकी आधीच जमली होती. निलेश ओल्या धोतरात बसला होता, पुढे पिंडाचं साहित्य मांडलेलं. मला बघून वाट कुणी दिली नाही. चुलते म्हणाले, "तुजा हितं काय संबंद? तू त्या म्हाराजाचा." मी सांगितलं, घट काल पाण्यात गेला. मग एकजण म्हणाला, "हुकूम कुनाचा व्हता?" मी म्हटलं, कुणाचा नव्हता. चुलते उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "दत्तोबा जल्मभर ह्या मानावर जगला. त्याच्या दहाव्यालाच तू त्यो मोडलास व्हय रं?" ते आणि त्यांच्याबरोबर बरेच जण निघून गेले. गादीकडून निरोप आला आहे, की आमच्या पातीचा मान काढून घेतला. पुढच्या राजाचं मरण दुसरं कुणीतरी वाहील, किंवा त्याच्याच घरचं माणूस वाहील. तसं झालं तर बरं.

न्हाव्याने वस्तरा काढला नाही. तो निघून जाणाऱ्यांकडे बघत राहिला. तेव्हा निलेश उठला आणि म्हणाला, "काका, मी द्यायचा म्हून अग्नी दिला, पर आबाचं पुडचं मला येत न्हाई. बसा तुमी." त्याने स्वतःच्या बोटातलं दर्भाचं पवित्र काढून माझ्या बोटात घातलं. मग न्हावी पुढे आला.

पिंड ठेवला. कावळे लांब पलीकडच्या बाभळीवर बसले होते. खूप वेळ कुणी आलं नाही. लोक हळू आवाजात बोलू लागले, की म्हाताऱ्याची इच्छा मोडली म्हणून शिवत नाही. कुणीतरी मला म्हणालं, "कबूल कर काईतरी, म्हन की मान परत घेतो, मग शिवंल." मी हात जोडले होते. तेवढंच म्हटलं की झालं असतं, पण मी म्हटलं नाही. आबांना खोटं सांगून जेवायला घालायचं नव्हतं. ऊन चढलं, तरी कावळा शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरलेला विधी आटोपला.

आबा माझ्यावर रागावून गेले असतील. रागावलेले असोत. भैरवनाथाच्या देवळात अजून गेलो नाही. सुतक फिटल्यावर जाईन. तिथे काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

गुरुवारी घाटावरून निघण्याआधी पाण्यात कमरेपर्यंत उतरलो, दक्षिणेकडे तोंड केलं, आणि दत्तोबाचा मुलगा म्हणून माझं नाव मोठ्याने घेतलं. आबांना पाणी दिलं.

सखाराम दत्तोबा